गावची दौड: दोनशे रुपये भरून पळायचं कशासाठी?

मार्कंडेयकाठ (धागा सुरू करणारा)

आमच्या बेळगावजवळच्या गावच्या युवक मंडळाचा प्रस्ताव असा आहे. सुगी आटोपली की जानेवारीअखेरच्या रविवारी सकाळी देवळापासून वेंगुर्ले रस्त्यावरच्या फाट्यापर्यंत आणि परत, पाच किलोमीटरची दौड. पळणाऱ्याने दोनशे रुपये भरायचे. नंतर दिवसभर शाळेच्या मैदानावर मेळावा: बचत गटांचे खाण्याचे गाळे, लेझीम, रस्सीखेच, लहान पोरांच्या कुस्त्या. जमतील ते पैसे मराठी शाळेच्या गळक्या दोन वर्गांना. आणि एकदाच नव्हे, दरवर्षी.

बैठकीत दोन तट पडले म्हणून इथे मांडतोय. माझं मत: व्हावं. आपलं गाव एकत्र येतं ते देवाच्या कामाला, मयताला, नाहीतर हा भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला, एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीला. गल्लीच्या गणपतीची वर्गणी कोणी चुकवत नाही, चुकवली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. शाळेसाठी मात्र आजवर कुणी पट्टी काढली नाही. पट आटत चाललाय, आपण मोर्चात मराठी वाचवतो आणि पोराला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवतो. वर्षातून एक दिवस सगळं गाव त्या मैदानात उभं राहिलं तर छपराकडे निदान नजर तरी जाईल.

गल्लीतला मिस्त्री

नजर जायला पळावं कशाला लागतंय? मान वर केली की दिसतंय.

भाऊ, वर्षाचा हिशोब मांडा. गणपती, नवरात्र, शिवजयंतीचा चित्ररथ, हरिनाम सप्ताह, देवळाचा जीर्णोद्धार, आणि महालक्ष्मीची यात्रा लागली तर विचारूच नका. यात्रेला घर रंगवायचं, पाहुण्यांना बकरं कापायचं, लेकीबाळींना साड्या. कर्ज काढून यात्रा केलेली घरं आपल्या गल्लीत आहेत, नावं घेत नाही. त्यात आता ही नवी पट्टी, वर्गणी न म्हणता ‘प्रवेश शुल्क’ म्हणायचं एवढाच फरक.

आणि शाळा सरकारी आहे. छप्पर घालणं हे सरकारचं काम. आपण घातलं तर पुढच्या वर्षी खिडक्याही आपणच घालायच्या.

भरतीवाला

मी रोज पहाटे याच रस्त्यावर पळूलालोय. आम्ही आठ-दहा पोरं हाओत, आर्मी आणि पोलीस भरतीची. आम्हांस सोळाशे मीटर लागतंय, पाच किलोमीटर नाही. डांबरावर पळून गुडघे गेलेत. शाळेमागची पंचायतीची जागा सपाट करून चुन्याची रेघ मारून द्या म्हणून मागूलालोय, कोण ऐकत नाही. आता मंडळवाले म्हणूलालेत मेडल देणार. मेडल घेऊन काय करू? ग्राउंड द्या की.

दोनशे रुपये मात्र मी भरणार नाही. दुर्गामाता दौडीला नवरात्रात अख्खा जिल्हा पहाटे पळतोय, तिथं कोण पैसे घेतंय?

हडपसरचा गाववाला

मी सध्या पुण्यात आहे, पण अशा दौडी जवळून पाहिल्यात. सगळे प्रवेश शुल्कावर अडकलेत आणि तिथंच गोची आहे. समजा दोनशे जण आले. चाळीस हजार जमले. टी-शर्ट, पदकं, पाणी, केळी, मांडव, स्पीकर, रुग्णवाहिका काढली की हातात जे उरेल त्यात एका वर्गाचे पत्रेसुद्धा येणार नाहीत. शुल्क हे खर्चापुरतंच असतं.

खरा पैसा येतो तो शब्दातून. पळणारा आधी आपल्या माणसांना गाठतो: मी पाच किलोमीटर पुरे केले तर तू शाळेला किती देशील? मामा पाचशे म्हणतो, मुंबईचा दोस्त हजार म्हणतो. कॅनडात टेरी फॉक्स नावाचा पोरगा कर्करोगाने एक पाय गेल्यावर १९८० मध्ये कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला होता. कुणाकडून शुल्क घेऊन नव्हे, लोकांनी दिलेल्या देणग्यांवर निधी उभा राहिला. मुंबईची मॅरेथॉन २००४ पासून चालते, तिथेही संस्थांना मोठा निधी मिळतो तो पळणाऱ्यांनी ओळखीपाळखीतून गोळा केलेला.

आपल्या गावची निम्मी तरणी पोरं पुणे, मुंबई, गोवा, बंगळूरला आहेत. त्यांना यात्रेला यायला जमत नाही, पैसे पाठवायला जमतं. फक्त रीतसर पावती लागेल. देणाऱ्याला आयकरात सूट देणारी ८०जी ची मिळाली तर कंपनीतले लोकही देतील.

जुना पंच

८०जी चं नाव काढलंत म्हणून सांगतो, मी सोसायटीत सेक्रेटरी होतो, कागद ओळखतो. त्यासाठी आधी संस्था लागते, कर्नाटकच्या १९६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदवायची, मग आयकर खात्याकडे अर्ज. युवक मंडळाकडे बँकेत खातं नाही, पैसा खजिनदाराच्या शर्टाच्या खिशात असतो. आणि तुमचे कंपनीतले मित्र नव्या करपद्धतीत असतील तर त्यांना ८०जी ची सूट मिळतच नाही. जुन्या पद्धतीतही दोन हजारांवरची रोख देणगी धरत नाहीत. म्हणजे ती पावती ज्यांना उपयोगी पडेल असे किती निघतील ते बघा.

पण शब्द घेण्याची कल्पना चांगली आहे. आपल्याकडे आहेरात तेच करतात की, वहीत नाव लिहितात. वही ठेवा, देवळाच्या भिंतीवर हिशोब लावा. ८०जी पेक्षा भिंतीवरचा कागद गावात जास्त चालतो.

चूल आणि गट

खाण्याच्या गाळ्यांबद्दल सगळ्यांनी एका ओळीत उरकलंत. मी बचत गटात आहे, तर ऐका.

मंडळाने सांगितलं, विक्रीचे सगळे पैसे शाळेला. म्हणजे भाकऱ्या आम्ही थापायच्या, झुणका, खर्डा, आंबोळ्या आम्ही करायच्या, आदल्या रात्री जागायचं, पीठ-तेल आमचं, आणि दान मंडळाच्या नावावर. पळणारा दोनशे देऊन टी-शर्ट घेऊन जातो, आम्ही हजाराचा माल देऊन उरलेली भांडी घासतो. जानेवारीत मसूर-वाटाण्याची कामं असतात, एक दिवसाची मजुरीही बुडते ती वेगळीच.

दान करायला आमची ना नाही. यात्रेत आम्ही काय कमी करतो? पण गाळ्याचं ठरावीक भाडं घ्या, शाळेला जाऊ दे, वरचा नफा गटाला राहू दे. तरच दुसऱ्या वर्षी गाळे लागतील.

आणि बायका पळणार का, हे कुणी विचारलंच नाही. मुली पळतील, शाळेत पळतातच. सुनांचं म्हणाल तर चालायचा गट ठेवा, दोन किलोमीटरचा, साडी नेसून येऊ दे कुणाला यायचं तर. वटसावित्रीला बाया वडाभोवती फेऱ्या मारतात तेव्हा कुणाला वावगं वाटत नाही.

माहेरवाशीण, चंदगड तालुका

ताई, चालायचा गट ठेवलात तर मी येते! महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीपर्यंत लालपरीत अर्धं तिकीट, तिथून पुढं पूर्ण. तुमच्याकडच्या बायकांना २०२३ पासून कर्नाटकच्या बसमध्ये फुकट. माहेरी यायला आम्हीच महाग पडलोय.

निवृत्त हवालदार

मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. पळणं-पळवणं यातच आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द.

जानेवारी म्हणजे ऊस तोडणीचा भर. वेंगुर्ले रस्त्यावर पहाटेपासून ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, मागचा दिवा पेटत नाही. त्यात धुकं. फाट्यापर्यंत पोरं पळवायची म्हणता? मी परवानगी देणार नाही, आणि पोलीसही देतील असं वाटत नाही. रस्ता शिवारातला घ्या, पाणंदीचा, तळ्याच्या बाजूने. धूळ उडेल, जीव जाणार नाही.

दुसरं. पन्नाशीचे गृहस्थ जे सकाळी चहा-विडीवर देवळाच्या कट्ट्यावर बसतात, तेच त्या दिवशी छाती काढून पुढे उभे राहणार हे मला माहीत आहे. त्यांना डॉक्टरने तपासल्याशिवाय पळवू नका. रुग्णवाहिका मैदानात नको, अर्ध्या वाटेवर उभी करा.

मराठी फलक

मूळ अडचणीचं कुणी बोलत नाही. फलकावर काय लिहिणार आणि कोणत्या भाषेत? कर्नाटकच्या भाषा कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर संस्था-दुकानांच्या फलकांवर साठ टक्के कन्नड आलं. येळ्ळूरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक २०१४ मध्ये काढला तेव्हा लाठ्या पडल्या, ते सगळ्यांनी बघितलंय. पाहुणा कोण? महाराष्ट्र एकीकरण समितीचा नेता आणला तर पंचायतीतले राष्ट्रीय पक्षवाले येणार नाहीत, आमदार आणला तर समितीवाले घरी बसणार. शाळेच्या छपरासाठी निघालेली दौड पहिल्याच वर्षी दोन पक्षांत वाटली जाईल. माझा विरोध आहे असं नाही, पण हे आधी ठरवा.

भरतीवाला

पाहुणा कशाला लागतोय? शिट्टी मारायला हवालदार काका हाईत की.

कडोली रस्ता

वरचं सगळं वाचलं. माझा विरोध कायम आहे, कारण मात्र वेगळं.

आपल्या भागात कडोली, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, कुद्रेमनी, येळ्ळूर या गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी निघते, शाळेची पोरं लेझीम खेळत पुढे असतात, बायका तुळस घेऊन येतात, बाहेरगावचा पाहुणा भाषण करतो, आणि दुपारी पंगत. आत जायला कुणी पैसे मागत नाही. भात गावातून येतं, भाजी गावातून येते, वाढायला गल्लीतली पोरं. सीमाभागातल्या गावांनी वर्षानुवर्षं हे स्वतःच्या खिशातून चालवलंय, शुल्क न लावता, पदक न देता. जगात कुठं कुठं काय चालतं ते बघायला पुण्याला जायची गरज नाही, सायकलवरून जाऊन बघता येईल.

तिथं ज्याच्याकडे पाचशे आहेत तो पाचशे देतो, ज्याच्याकडे नाहीत तो दोन पायली तांदूळ देतो, ज्याच्याकडे तेही नाही तो मांडवाचे खांब पुरतो. तिघांची नावं एकाच वहीत असतात. तुमच्या दौडीत मात्र दोनशे रुपये आहेत तोच पळणार. भरतीवाला पोरगा, जो गावात सगळ्यात चांगला पळतो, तो बाहेर उभा. हे कसलं गावचं काम?

आणि गरज पडली की आपल्याकडे पैसा कसा उभा राहतो तेही बघितलंय. कुणाचं ऑपरेशन निघालं की व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो आणि दोन दिवसांत बिल भरण्याइतके जमतात. कुणी पळत नाही, कुणी टी-शर्ट मागत नाही.

मार्कंडेयकाठ

कडोली रस्ता, संमेलनाचं उदाहरण मी विसरलो नव्हतो, मी दरवर्षी दोन ठिकाणी जातो. शुल्काचं पटलं. काढून टाकू. पळायला पैसे नाहीत, नाव नोंदवताना वहीत काय देणार ते लिहायचं: रोख, तांदूळ, पत्रा, एका दिवसाचं गवंडीकाम, काहीही. मिस्त्रीभाऊ, तुमच्या एका दिवसाच्या कामाची किंमत टी-शर्टवाल्यांच्या दहा नावांपेक्षा जास्त आहे, हे लिहून घ्या. टी-शर्टही नको मग.

ऑपरेशनच्या पैशाचं मात्र पटत नाही. ते पैसे जमतात कारण माणूस मरेल ही भीती असते. गळक्या वर्गाची कुणाला भीती नाही. तिथं पोरं कोपऱ्यात सरकून बसतात आणि पाऊस संपला की सगळे विसरतात. ज्याची निकड दिसत नाही, त्याच्यासाठी ठरलेली तारीख लागते. संमेलनं टिकली तीही तारीख ठरलेली म्हणूनच.

सरकारचं काम सरकारने करावं, मान्य. पत्रव्यवहार चालू ठेवू. तोवर पोरं भिजू द्यायची का?

गल्लीतला मिस्त्री

पोरांवरून भावनेला हात घालू नका. एक दिवस येईन, पत्रे चढवून देईन. पण दरवर्षी नाही म्हणजे नाही. ‘दरवर्षी’ काढा.

चूल आणि गट

लकी ड्रॉच्या कुपनांचं पण काढा. मंडळाच्या पोरांनी वीस रुपयाची कुपनं छापायला टाकलीत म्हणे. राज्यात २००७ पासून लॉटरी बंद आहे, उगीच पोलिसांना निमित्त कशाला.

हडपसरचा गाववाला

शुल्क काढलंत तर मांडव-स्पीकरचा खर्च कुठून? वहीत सगळे तांदूळ लिहितील. तांदळाने रुग्णवाहिका येत नाही. तो खर्च आम्ही बाहेरगावची पोरं उचलू, पण बँकेत खातं काढा. खिशात पाठवणार नाही.

जुना पंच

खात्यावर तीन सह्या ठेवा, त्यातली एक बचत गटाची. दुसरं, तारीख. माघी पुनव कधी कधी जानेवारीअखेर येते. तेव्हा निम्मं गाव सौंदत्तीच्या डोंगरावर असतं, यल्लम्माला. दौड कुत्र्यांना पळवायला ठेवणार का?

मार्कंडेयकाठ

पंचांग बघून पुनवेनंतरचा दुसरा रविवार धरू. उद्या रात्री जेवणं झाल्यावर देवळात बसू. हवालदार काका, पाणंदीचा रस्ता चालत बघून या. ताई, गाळ्याचं भाडं किती ठेवायचं ते गटाने ठरवून सांगा, मंडळ ठरवणार नाही. ‘दरवर्षी’चं बघू, मिस्त्रीभाऊ. आधी पत्रे चढू देत.

भरतीवाला

आणि ग्राउंड?