मदत हवी आहे: लेटेक्स गादीचा वरचा थर डनलॉप की टॅलॅले?

पन्हाळारोड: गादी करायला टाकायचीय, शनिवारी ॲडव्हान्स द्यायचाय. खाली 4 इंच डनलॉप पद्धतीचं लेटेक्स (रबराच्या चिकाचा फोम), हे पक्कं. वरचे 2 इंच डनलॉपच घ्यावेत की टॅलॅले, म्हणजे दुसऱ्या पद्धतीनं केलेलं लेटेक्स? राजारामपुरीतला दुकानदार टॅलॅलेच घ्या म्हणून मागं लागलाय, पण भाव ऐकून घाम फुटला. वापरलेल्यांनीच सांगा. गूगल करून झालंय.

शाहूपुरीकर: वजन किती? कुशीवर झोपता की पाठीवर? पलंग पट्ट्यांचा की बॉक्सचा? काहीच न सांगता लोकांनी काय सांगायचं, कप्पाळ?

जोतिबाच्या_पायथ्याशी: आमच्याकडे डनलॉपची गादी वडिलांच्या लग्नातली आहे, अजून टकाटक. डोळे झाकून घ्या.

रबरी: काका, ती कंपनी. इथं पद्धतीबद्दल चाललंय. डनलॉप पद्धतीत चीक फेटून फेस करतात, साच्यात ओततात आणि वाफेवर शिजवतात. जड कण खाली बसतात, म्हणून थराची खालची बाजू जरा कडक लागते. टॅलॅलेत साचा अर्धवटच भरतात, हवा ओढून फेस फुगवतात, गोठवतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि मग शिजवतात. छिद्रं सगळीकडे सारखी येतात, दाबल्यावर लुसलुशीत लागतं. खटाटोप जास्त, म्हणून महाग.

इचलकरंजी_एक्सप्रेस: टॅलॅले लवकर बसतं. जड माणसानं नादालाच लागू नये.

रबरी: असं सरसकट नसतं ओ. दोन्हींत मऊ-कडक मिळतं. मऊ टॅलॅलेची तुलना कडक डनलॉपशी केली की असंच वाटणार.

इचलकरंजी_एक्सप्रेस: तुम्ही झोपलाय का त्यावर? मी झोपलोय.

अक्काताई: एवढे पैसे रबरात घालण्यापेक्षा चांगला कापूस घ्या, पिंजाऱ्याकडनं गादी भरून घ्या. अधनंमधनं उन्हात टाकली की झालं. आमची कोणाची कंबर दुखत नाही.

रबरी: कापसाचं बरोबर आहे अक्का, पण कुणी लेटेक्स उन्हात टाकू नका. पिवळं पडतं, मग हाताला भुगा लागतो.

पन्हाळारोड: अक्का, कापसाची काढूनच ही घेतोय. वजन माझं 96, बायकोचं 54. मी पाठीवर, ती कुशीवर. पलंग बॉक्सचा, प्लायवर गादी. आता तरी सांगा.

शाहूपुरीकर: हे आधी लिहायला काय झालं होतं! दोघांना एकच थर कशाला? वरचे 2 इंच उभे दोन तुकडे करून घ्या, एकाच खोळीत. तुमच्याकडे मध्यम डनलॉप. वहिनींकडे मऊ, मग ते टॅलॅले असो की कमी घनतेचं डनलॉप. कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आत जायला हवा, नाहीतर सकाळी हात आखडतो. आणि प्लायला भोकं पाडून घ्या. आपल्याकडच्या पावसात खालून हवा लागली नाही तर गादीला बुरशी धरते.

रबरी: +1. अजून एक. नैसर्गिक की सिंथेटिक मिश्रण, हे बिलावर लिहून घ्या. काथ्याला रबराचा चीक मारलेली गादीही लेटेक्स म्हणून खपवतात. आणि घनता विचारा, मग वजन काट्यावर ताडून बघा. 6 बाय 6 फुटाचा 2 इंची थर 80 घनतेचा (घनमीटरला 80 किलो) असेल तर साधारण साडेतेरा किलो भरायला पाहिजे. दुकानदार चिडला तर चिडू दे.

तांबडा_पांढरा: मेमरी फोम घ्या, नाद खुळा.

शाहूपुरीकर: प्रश्न वाचला का भावा?

इचलकरंजी_एक्सप्रेस: मधल्या जोडावर कोण झोपणार, ते पण सांगा.

पन्हाळारोड: पोरगं. तुकड्यांचं दुकानदाराला विचारलं, असं कुणी करत नाही म्हणतो.

शाहूपुरीकर: करतात. गादीचा कारखाना गाठा, दुकान सोडा.

जोतिबाच्या_पायथ्याशी: कापसाची जुनी काढताय म्हणालात ना? द्यायची असेल तर सांगा, पुतण्या हॉस्टेलला चाललाय.