छोट्या जॉबवर्क शॉपला सीएनसी घ्यायचंय, पण जुन्या टर्नरला शिकवायला सरकारकडून काही मिळतं का?

शिरोलीचा_जॉबवर्कवाला:

नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. फाउंड्रीतनं कास्टिंग येतात, पंपाच्या बॉडी, कव्हर, फ्लँज असलं, आम्ही मशिनिंग करून परत पाठवतो. ४ लेथ, १ रेडियल ड्रिल, १ मिलिंग, माणसं मी धरून ९. २०१७ ला मुद्रा लोन काढून पहिली दोन सेकंडहँड लेथ घेतली होती, ते लोन २०२२ ला फिटलं, एकही हप्ता चुकला नाही.

आता झालंय असं की दोन पार्ट्यांनी स्पष्ट सांगितलंय, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) नसेल तर पुढच्या ऑर्डरचं काही सांगता येत नाही. त्यांचंही चुकत नाही, त्यांच्या वरच्या कंपनीला प्रत्येक लॉटचा इन्स्पेक्शन रिपोर्ट लागतो आणि लेथवर सकाळचा जॉब आणि संध्याकाळचा जॉब यात फरक पडतोच. टर्निंग सेंटरचं, म्हणजे सीएनसी लेथचं, कोटेशन आणलंय, २२ लाख प्लस जीएसटी.

प्रश्न दोन आहेत. एक, एक एजंट येऊन गेला, म्हणाला केंद्राची टेक्नॉलॉजीची स्कीम आहे, १५ टक्के सबसिडी, १५ लाखापर्यंत, फाइल करायला २५ हजार आधी द्या. हे खरं आहे का?

दुसरा प्रश्न मला जास्त छळतोय. माझ्याकडे एक मामा आहेत (सगळे त्यांना मामाच म्हणतात), वय ५१, उद्यमनगरात ऑइल इंजिनच्या कामावर लेथ शिकलेले. टूलचा आवाज ऐकून सांगतात की इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेला, बदल. सातवी शिकलेत. सीएनसी आलं म्हणून त्यांना घरी पाठवणं मला जमणार नाही आणि पाठवायचंही नाही. पण त्यांना शिकवायचं कुठं, शिकेपर्यंतचा पगार, बुडालेलं प्रॉडक्शन, याला कुठल्या योजनेत काही आहे का? सगळीकडे बघितलं तर १८ ते ३५ वयाच्या पोरांसाठीच सगळं दिसतंय.

हिशोबनीस_सांगली:

आधी एजंटचं. एक रुपयाही देऊ नका. तो जे सांगतोय ते सीएलसीएसएस, म्हणजे क्रेडिट लिंक्ड कॅपिटल सबसिडी. १ कोटीपर्यंतच्या मशिनरी लोनवर १५ टक्के, जास्तीत जास्त १५ लाख, ही स्कीम खरंच होती आणि आपल्या भागात भरपूर लोकांनी घेतली, पण सर्वसाधारण गटासाठी ती मार्च २०२० ला संपली. आता त्याच धर्तीवर जे आहे ते एससी-एसटी उद्योजकांना, नॅशनल एससी-एसटी हबमधून, २५ टक्के आणि कमाल २५ लाख. तुम्ही त्यात बसत असाल तर एजंट कशाला, थेट एमएसएमईच्या ऑफिसला जा. बसत नसाल तर तो तुम्हाला बंद पडलेलं दुकान विकतोय.

तुमच्या पोस्टमधली कामाची ओळ वेगळीच आहे आणि ती तुम्ही सहज लिहून गेलात. मुद्रा लोन, वेळेत फिटलेलं. पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हटलं की लोकांना नवीन धंदाच आठवतो, पण त्यात जुन्या युनिटच्या अपग्रेडेशनसाठी दुसरं लोन आहे आणि त्याला मुद्रातून उभी राहिलेली युनिटसुद्धा चालतात. मॅन्युफॅक्चरिंगला प्रोजेक्ट १ कोटीपर्यंत, सबसिडी १५ टक्के, स्वतःचे १० टक्के घालायचे. अट अशी की पहिलं कर्ज वेळेवर फिटलेलं पाहिजे आणि गेली ३ वर्षं युनिट नफ्यात पाहिजे. तुमच्या २२ लाखाच्या प्रोजेक्टला साधारण ३ लाख ३० हजार होतात.

पण ते पैसे हातात येतात असं समजू नका. रक्कम बँकेत तुमच्या नावाने ठरलेल्या मुदतीपर्यंत डिपॉझिट म्हणून पडून राहते. त्यावर व्याज मिळत नाही, आणि तेवढ्या कर्जावर बँकेनेही व्याज लावायचं नसतं. मुदत संपली की युनिट चालू आहे हे बघून कर्जात वळती होते. म्हणून कॅशफ्लो काढताना सबसिडी शून्य धरा, हप्ता झेपतो का बघा, झेपत असेल तरच पुढं जा. आणि मंजुरीच्या आधी मशीन उचलू नका, अॅडव्हान्ससुद्धा देऊ नका. माझ्याकडे दरवर्षी दोनतीन जण मशीन फाउंडेशनवर बसवून मग येतात, साहेब आता सबसिडीची फाइल करा म्हणतात, तेव्हा माझ्याही हातात काही राहिलेलं नसतं. कोटेशन, उद्यम सर्टिफिकेट, ३ वर्षांचे रिटर्न आणि मुद्राचं नो ड्यूज घेऊन जिल्हा उद्योग केंद्रात जा, यंदाचं टार्गेट शिल्लक आहे का ते आधी तिथं विचारा, मग बँकेत.

जाता जाता, पार्टीला कागद दाखवायचा असेल तर झेडचं (केंद्राचं क्वालिटीचं सर्टिफिकेट) ब्राँझ करून टाका. फी १० हजार, मायक्रो युनिटला ८० टक्के सवलत आणि प्लेज घेतल्यावर जॉइनिंग रिवॉर्ड मिळतो तो धरला तर खिशातून जवळपास काही जात नाही.

कागलवाला_व्हीएमसी:

मशीनचं वरच्यांनी बरोबर सांगितलंय, मी माणसांचं सांगतो कारण मी तिथं मार खाल्लाय. आम्ही मशीन आधी आणलं आणि ट्रेनिंग नंतर बघू म्हटलं. कंपनीचा माणूस ३ दिवस आला, त्यातला एक दिवस लेव्हलिंगमध्ये आणि अर्धा जेवणात चहात गेला, बाकीच्या वेळात त्याने इतक्या भराभर बटणं दाबली की आमच्या पोरांनी फक्त बघितलं. तो गेल्यावर बाराव्या दिवशी टूल लेंथ ऑफसेट (टूलच्या लांबीचा आकडा) दुसऱ्याच टूलच्या नंबरवर टाकला गेला आणि टूल रॅपिडमध्ये, म्हणजे फुल स्पीडने, थेट जॉब धरायच्या फिक्श्चरवर. आवाज अजून कानात आहे. स्पिंडलच्या कामात ५ आठवडे मशीन बंद, हप्ता मात्र चालू, आणि ज्या पोराच्या हातून झालं त्याने दुसऱ्या दिवशीपासून येणंच बंद केलं. चांगला पोरगा होता, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, चूक माझी.

म्हणून सांगतो, मशीन यायच्या २ महिने आधी माणूस शिकायला पाठवा. आणि ऑर्डर देतानाच ट्रेनिंगचे दिवस लिहून घ्या, ३ दिवस इन्स्टॉलेशनच्या वेळी आणि परत ३ दिवस एक महिन्यानी, कारण खरे प्रश्न महिन्यानंतरच पडतात. हे मागितलं तर बहुतेक देतात, आपण मागत नाही.

आयटीआयची_निदेशक:

मी एका सरकारी आयटीआयमध्ये मशिनिस्ट ट्रेड शिकवते, त्यामुळं दुसऱ्या प्रश्नावर लिहिते.

तुम्हाला जे दिसलं ते खरं आहे, बहुतेक पैसा नवीन पोरांसाठी आहे. नॅप्स म्हणजे अप्रेंटिसशिपची योजना, त्यात स्टायपेंडच्या २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये केंद्र देतं, आता ते थेट मुलाच्या खात्यात येतात. ३० किंवा जास्त माणसं असतील तर अप्रेंटिस घेणं बंधनकारक, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. म्हणजे तुम्ही आयटीआय झालेला एक मुलगा नक्की घेऊ शकता. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, पण तिला वयाची तीच १८ ते ३५ ची अट. मामांना यातलं काहीच लागू नाही.

मामांसाठी दोन गोष्टी बघा. एक आरपीएल, म्हणजे आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट. आयुष्यभर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचा कागद येतो तेव्हा त्याचा चेहरा मी बघितलाय, म्हणून त्याला किरकोळ म्हणू नका. पण एवढंही खरं की आरपीएलने सीएनसी येत नाही, ती असलेल्या कौशल्याची नोंद आहे. दुसरं, एमएसएमईची टूल रूम. छत्रपती संभाजीनगरला इंडो जर्मन टूल रूम आहे, तिथं सीएनसी प्रोग्रॅमिंग आणि ऑपरेशनचे छोटे कोर्स चालतात आणि काम करणारी माणसंही येतात. अडचण एवढीच की कोल्हापूरहून तिथं जाऊन राहणं ५१ व्या वर्षी घरदार सोडून सोपं नाही. त्यामुळं जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना लेखी पत्र द्या, की आमच्या भागातल्या ५-६ शॉपची मिळून १० माणसं आहेत, रविवारची किंवा संध्याकाळची बॅच घेता का. एकट्याचं पत्र फाइलला लागतं, सहा शॉपचे सहीशिक्के असले की बोलावणं येतं. आमच्याकडे एक बॅच अशीच सुरू झाली होती.

शिकेपर्यंतच्या पगाराला आणि बुडालेल्या प्रॉडक्शनला कुठलीच योजना पैसे देत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं. मशीनला सबसिडी आहे आणि ते चालवणाऱ्या माणसाच्या शिकण्याच्या दिवसाला नाही.

पूर्वीचा_टर्नर:

मी स्वतः १९ वर्ष लेथवर होतो, आता सीएनसीवर सेटर आहे. वय ४७ ला शिकलो. दहावी नापास. मामांना सांगा घाबरू नका, अर्धं शिक्षण त्यांचं झालेलं आहे.

अडतं कुठं ते सांगतो. आपल्या लेथवर क्रॉस स्लाइड ०.१ आत घेतली की डायामधनं (व्यासातनं) ०.२ जातं, हे हातात इतकं मुरलेलं असतं की डायामधनं ०.१ काढायचं असलं की हात आपोआप ०.०५ च घेतो. सीएनसीवर एक्सचा ऑफसेट (मापाची दुरुस्ती) डायाचाच असतो, ०.१ टाकलं की डायामधनं ०.१ च जातं. मी पहिले १५ दिवस निम्मंच टाकत होतो आणि जॉब प्लसमध्ये येत होता. नशीब की प्लसमध्ये येतो, परत एक कट मारला की बसतो. हे मला कुठल्या कोर्समध्ये सांगितलं नाही, एका पोराने सांगितलं ज्याने कधी लेथ चालवलीच नव्हती, तो म्हणाला काका तुम्ही दोनाने का भागताय.

उलट गोष्ट पण आहे. नवीन पोरं डोअर बंद करून बसतात, चॅटर (टूलची थरथर) येतोय हे त्यांना ऐकूच येत नाही, फिनिश गेल्यावर कळतं. मला कळतं, मी फीड कमी करतो नाहीतर जबडे बघतो, कास्टिंग नीट बसलंय का बघतो. म्हणून जोडी लावा, एक आयटीआयचा पोरगा आणि मामा, पोरगा स्क्रीन बघेल, मामा कट बघतील. इंग्रजीची भीती असते, तर अलार्मचे नेहमीचे १५-२० मेसेज मराठीत लिहून मशीनला चिकटवा, माझ्या मशीनला अजून कागद आहे.

आणि पगाराचं आधी बोला. पोराला प्रोग्रॅम येतो म्हणून त्याला मामांपेक्षा जास्त दिला तर दोघांची जोडी मोडेल.

सिंगापूरहून_मिरजकर:

मी मूळचा मिरजेचा, इथं प्रिसिजन पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. वर ताईंनी जे म्हटलंय की शिकण्याच्या दिवसाला पैसे नाहीत, ते इथं आहेत. माणूस मान्यताप्राप्त कोर्सला गेला तर तेवढ्या तासांसाठी सरकार कंपनीला तासाला साडेचार डॉलर देतं, अॅब्सेन्टी पेरोल म्हणतात, शिवाय कोर्सच्या फीचा मोठा भाग वेगळा. ४० च्या पुढच्या नागरिकांना २०२४ मध्ये प्रत्येकी ४००० डॉलरचं शिक्षणाचं क्रेडिट दिलं, पन्नाशीचे लोक आमच्याकडे रोबोट प्रोग्रॅमिंगला जातात. तिथली तुलना इथल्याशी करता येत नाही ते मान्य, छोटा देश आहे, पैसा आहे. पण तुमच्या असोसिएशनने सरकारला मागणी पाठवताना वीजदराच्या खाली ही एक ओळ जरूर घालावी.

शिरोलीचा_जॉबवर्कवाला:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. एजंटला फोन करून नाही म्हणून सांगितलं. मुद्राचं नो ड्यूज बँकेकडून घेतलंच नव्हतं, आज अर्ज दिला, ते मिळालं की उद्योग केंद्रात जातो. मशीनवाल्याला सांगितलं की मंजुरीशिवाय अॅडव्हान्स नाही आणि ट्रेनिंग दोन टप्प्यात लिहून द्या, तो दुसऱ्या टप्प्याला २ दिवस म्हणतोय, ३ वर अडून बसलोय.

आमच्या गल्लीतल्या चार शॉपना पत्राचं विचारलं, तिघं सही द्यायला तयार आहेत, चौथा म्हणाला माझी माणसं शिकली की दुसरीकडं जातील. त्याला काय सांगायचं ते मला सुचलं नाही, तुम्हाला सुचलं तर लिहा.

दुपारी मामांना डायाच्या ऑफसेटचं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, जॉब काढला, मायक्रोमीटर पुसला, आणि मग विचारलं, रविवारची बॅच किती वाजता असती?

@आयटीआयची_निदेशक ताई, पत्रात माणसांची नावं आणि वय लिहायची का नुसता आकडा चालतो? आणि सातवीवाल्याला बसू देतात का, ते तेवढं सांगा.

आयटीआयची_निदेशक:

नावं, वय, सध्याचं काम आणि किती वर्षं करताय ते लिहा. रविवारच्या बॅचला आम्ही शिक्षणाची अट धरली नव्हती, व्हर्नियर वाचता येतं का एवढंच बघितलं होतं, तुमच्या प्राचार्यांना तसं पत्रातच विचारा. मशीन कुठल्या कंट्रोलरचं घेताय तेही लिहा, म्हणजे शिकवणाऱ्याला त्याच पॅनेलवर हात बसवून देता येईल.