ग्रुपच्या साईटचं डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचंय, मेल बंद पडेल का?

भटक्या_७७
नमस्कार मंडळी, आमच्या ट्रेकिंग ग्रुपची साईट आहे, डॉट ऑर्ग डोमेन. रजिस्ट्रार (साईटचं नाव नोंदवणारी कंपनी) दरवर्षी रिन्यूअलचा भाव वाढवतोय म्हणून दुसरीकडे हलवायचं ठरलंय, २८ जुलैला एक्स्पायरी आहे. गोची अशी की डोमेन आमच्या एका दादाच्या नावावर, तो आता जर्मनीत, लॉगिन आहे त्याच्याकडे पण मालक म्हणून जो ईमेल टाकलाय तो त्याच्या जुन्या कंपनीचा, नोकरी सोडून झाली सहा वर्षं. तो म्हणतोय आज रात्री ईमेल बदलून देतो मग तुम्ही काय ते करा. पावसाळी ट्रेकची सगळी नावनोंदणी आमच्या इन्फो मेलवर येते हो, तो बंद पडला तर पोरं मला राजमाचीवरून खाली ढकलतील.

पोस्टमास्तर
दादाला आत्ता फोन लावा आणि थांबवा!! मालकाचं नाव किंवा ईमेल बदलला की आयकॅनच्या (डोमेनचे नियम ठरवणारी संस्था) नियमाने ६० दिवस ट्रान्सफरला लॉक लागू शकतो. काही ठिकाणी बदलायच्या आधी 'लॉक नको' असा पर्याय देतात, पण तो टिक करायचा राहतोच. आज जून अर्धा संपला, म्हणजे लॉक सुटणार ऑगस्टच्या मध्यावर, तुमची एक्स्पायरी त्याआधीच. जुना ईमेल राहू दे तसाच. दादाने लॉगिन करून ट्रान्सफर लॉक काढायचा आणि ऑथ कोड (ट्रान्सफरसाठी लागणारा पासवर्ड) स्क्रीनवर दिसतो का बघायचं, बऱ्याच ठिकाणी दिसतो. नंतर जुना रजिस्ट्रार मेल टाकून विचारतो की खरंच जाताय का, त्याला उत्तर नाही दिलं तरी ५ दिवसांनी डोमेन आपोआप जातं.

काळीपाटी
वरचं बरोबर, पण मेल त्याने नाही पडत, मेल पडतो डीएनएसमुळे, म्हणजे साईट आणि मेल कुठल्या सर्व्हरवर आहेत ते सांगणाऱ्या रेकॉर्डांमुळे. नेमसर्व्हर (ही रेकॉर्डं ठेवणारे सर्व्हर) जुन्या रजिस्ट्रारचेच असतील तर डोमेन गेल्यावर तो ते कधीही बंद करू शकतो. म्हणून आधी सगळी रेकॉर्डं क्लाउडफ्लेअर किंवा तत्सम डीएनएस सेवेत उतरवून घ्या, नेमसर्व्हर बदला, दोन दिवस मेल येतो-जातो का बघा, मगच ट्रान्सफर. डीएनएसेक (रेकॉर्डं खरी आहेत हे सहीने तपासायची सोय) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलायच्या आधी बंद करा नाहीतर साईटच गायब. मी आमच्या वाचनालयाचं करताना एमएक्स (मेल कुठे पोचवायचा ते रेकॉर्ड) नीट घेतलं आणि डीकेआयएमची (मेल खरंच आमचाच हे पटवणाऱ्या सहीची) ती लांबलचक ओळ विसरलो, आठवडाभर आमचे मेल लोकांच्या स्पॅममध्ये आणि आम्ही म्हणतोय सभासद उत्तरं का देत नाहीत.

उंटावरचा_शहाणा
त्यापेक्षा आत्ता इथेच रिन्यू करा न् दिवाळीनंतर निवांत हलवा की.

पोस्टमास्तर
तेही चालेल, भरलेलं वर्ष वाया जात नाही. पण ट्रान्सफरच्या पैशात डॉट ऑर्गला एक वर्ष वाढूनच मिळतं, मग जुन्याला कशाला द्यायचे?

भटक्या_७७
दादाला फोन केला, मेल बदलायच्या पानावरच बसला होता 😅 कोड स्क्रीनवर मिळाला. रेकॉर्डं उतरवून नेमसर्व्हर शनिवारी बदलले, मेल नीट चालू, आज कोड टाकला तर दोनदा अवैध म्हणे, बघितलं तर व्हॉट्सॅपवरून कॉपी करताना मागे एक स्पेस येत होती. आता ५ दिवस वाट. नव्या ठिकाणी मालकाचा ईमेल म्हणून आमचा इन्फोच टाकू ना?

काळीपाटी
अजिबात नको. डोमेन एक्स्पायर झालं की तोही मेल बंद, मग रिन्यूअलची आठवण कुठे येणार? ग्रुपच्या नावाने वेगळं जीमेल काढा, पासवर्ड तिघांकडे ठेवा.