आयोगाकडे तक्रार की थेट कोल्हापुरात रिट?

खाडीकाठ, रत्नागिरी:
कोठडीतल्या मारहाणीची तक्रार घेऊन मुंबईला राज्य मानवी हक्क आयोगाकडे जाण्यात काळ फुकट जातो, असं माझं ठाम मत आहे. १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यातल्या कलम १८ नुसार आयोग भरपाईची किंवा खटल्याची शिफारसच करतो. सरकारने ती मानली नाही की शेवटी उच्च न्यायालयच. १८ ऑगस्ट २०२५पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठी उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू आहे, आंबा घाट चढला की झालं. नीलाबती बेहेरा प्रकरणात (१९९३) कोठडीतल्या मृत्यूबद्दल भरपाई रिटमध्येच (मूलभूत हक्कांसाठी थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या अर्जात) मिळाली. मग राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली थेट उच्च न्यायालयात का जाऊ नये?

ओरोसची वाट:
कारण रिटमध्ये सहसा साक्षीपुरावा होत नाही. 'पळताना चिऱ्याच्या गडग्यावरून पडला' असं प्रतिज्ञापत्र पोलिसांनी दिलं आणि तथ्यच वादात आलं, की न्यायालय दिवाणी दाव्याची वाट दाखवू शकतं. आयोगाला कलम १३ खाली साक्षीदार बोलवता येतात, कागद मागवता येतात. फी नाही, वकिलाची सक्ती नाही. मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत जा. आधी रिट केलीत, तर विषय न्यायप्रविष्ट म्हणून आयोग सहसा हात घालत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा.

खाडीकाठ:
क्रमाचं मान्य. पण कलम १६ची, म्हणजे म्हणणं मांडायची संधी देणारी, नोटीस न देता अधिकाऱ्यावर ठपका ठेवला, तर तोच अधिकारी रिट करून सगळी शिफारस पाडतो. दोष आयोगाच्या कार्यपद्धतीचा, भोगतो तक्रारदार!

दापोली बंदर:
म्हणून तर त्या अधिकाऱ्याला नोटीस पोचली का, त्याचं म्हणणं नोंदलं का, हे तक्रारदारानेच प्रत्येक तारखेला तपासावं. न्यायालयीन पुनर्विलोकनात निष्कर्षापेक्षा प्रक्रिया आधी तपासली जाते. आणि शिफारस बंधनकारक नाही, हेही इतकं ठामपणे म्हणू नका: मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०२१ मध्ये ती सरकारवर बंधनकारक ठरवली. कोल्हापुरात तो निकाल बंधनकारक नाही, पण आधार म्हणून मांडता येतो. रिटमध्ये शिफारशीच्या अंमलबजावणीची मागणी स्पष्ट लिहा.

ओरोसची वाट:
दोन्ही वाटांना पुरावा एकच. रिमांडच्या वेळी दंडाधिकाऱ्यांना जखमा दाखवून नोंद करून घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालानुसार कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, ते कागद मागा. सीसीटीव्ही चित्रणासाठी तारीख-वेळ लिहून पहिल्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ते १८ महिने, निदान एक वर्ष तरी जपायला सांगितलंय. अर्ज उशिरा गेला की 'चित्रण पुसलं गेलं' हे उत्तर येतं, आणि पोच नसेल तर त्यावर बोलायला जागाच उरत नाही.