कामठीत घोडदळाचा जुना बॅज दिसला, घेऊ का?

वर्धारोडवाला: राजेहो, कामठीत एका भंगारवाल्याकडे पितळी कॅप बॅज पाहिला. दोन भाले एकमेकांवर तिरपे, मधात रोमन अंकात २९, वर मुकुट, खालच्या पट्टीवर डेक्कन हॉर्स. म्हणतो इंग्रजांच्या जमान्यातला ओरिजिनल आहे, १८०० च्या खाली यायला तयार नाही. माझ्याकडे नाणी भरपूर पण रिसाल्याचं काहीच नाही, म्हणून जीव अडकला. छावणीतूनच निघाला असेल नं?

इतवारीभाऊ: थांबा जरा. मुकुटाच्या कमानी वरून गोल आहेत का मधात खचलेल्या, ते आधी पाहा. २९ हा नंबर १९०३ चा, तेव्हाचा सरसेनापती किचनरनं सगळ्या रेजिमेंटींना नवे आकडे दिले तेव्हाचा, त्याआधी ही हैदराबाद कंटिन्जंटची, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या इंग्रज अफसरांखालच्या फौजेची, दुसरी लान्सर्स (भालेवाले स्वार) होती अन् १९२१ मध्ये २० व्या डेक्कन हॉर्ससोबत एकत्र केली तेव्हा २९ आकडाच गेला. म्हणजे अस्सल असला तं या मधल्या काळातला, आणि तेव्हा इंग्लंडच्या गादीवर राजा, राणी नाही, म्हणून गोल कमानीचा मुकुट पाहिजे. खचका मुकुट एकतर व्हिक्टोरियाचा नाहीतर १९५३ नंतरचा, अन् तोवर आपल्या फौजेच्या बॅजवर अशोकाचे सिंह आले होते.

वर्धारोडवाला: फोटो झूम केला, खचलेल्याच आहेत 😐 मागे दोन कड्या, पाठ एकदम सपाट.

बिल्लेबहाद्दर: कड्या ठीक आहेत, पाठ खटकते. ठशानं दाबून काढलेल्या बॅजला समोरचा उठाव मागून खोलगट दिसतो, ओतीव मालाची पाठ बहुतेक सपाट, अंगावर बारीक छिद्रं अन् भाल्यांची निशाणं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. आता इथल्या कारागिरांनी त्या काळीही ओतीव बॅज केलेत, म्हणून नुसत्या पाठीवरून मी निकाल देत नाही, पण मुकुटही चुकलेला म्हटल्यावर माझ्या मते नक्कल. अजून एक, सवार लोक फेटा बांधत, टोपी मुख्यतः गोऱ्या अफसरांची. सवारांचं काही पाहिजे असेल तं खांद्यावरची पितळी अक्षरं शोधा, त्याच्या मागे लोक कमी लागतात.

इतवारीभाऊ: अन् कामठीत मिळाला म्हणून कामठीचा होत नाही. छावणी १८२१ पासूनची, किती पलटणी आल्या-गेल्या, आणि भंगार तं आता कुठून कुठून येते.

सीताबर्डीकर: अस्सल मिळाला कधी तं ब्रासोनं घासू नका, भावही जातो अन् रंगही. बाहेरच्या देशात विकायचा विचार असेल तं १९७२ चा पुरावस्तू कायदा वाचा, १०० वर्षांवरची वस्तू स्वतःहून बाहेर पाठवता येत नाही.

वर्धारोडवाला: २०० ला मागून पाहू का मग? शोकेसमध्ये चालते.

बिल्लेबहाद्दर: घ्या नं, पण मागे पक्क्या शाईनं "नक्कल" लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी हाच बॅज इथं अस्सल म्हणून टाकते.