टेक्सासच्या कॉलेजसाठी मेनिन्जायटीसची लस : मदत हवी आहे

पुण्या-मुंबईहून ऑगस्टमध्ये टेक्सासला जाणाऱ्या 18-19 वर्षांच्या मुलांचे कागद तपासतोय. तिथला नियम असा : वय 22 पेक्षा कमी असेल तर मेनिन्गोकोकल लसीचा (मेनिन्जायटीस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, करणाऱ्या जंतूवरची) पहिला किंवा बूस्टर डोस गेल्या 5 वर्षांतला हवा, आणि सत्राच्या पहिल्या दिवसाच्या किमान 10 दिवस आधी घेतलेला हवा. म्हणजे वर्ग 24 ऑगस्टला सुरू, तर 14 ऑगस्टपर्यंत सुई. पूर्णपणे ऑनलाइन शिकणाऱ्यांना सूट आहे.

घोळ कागदात होतो. सर्टिफिकेटवर नुसतं 'मेनिन्जायटीस व्हॅक्सिन' लिहिलेलं असतं. ए, सी, डब्ल्यू, वाय (एसीडब्ल्यूवाय) हे जंतूचे चार गट स्पष्ट हवेत, कारण फक्त बी गटाची लस चालत नाही. लहानपणीच्या पेंटाव्हॅलंटमधली (पाच रोगांवरची एकत्र लस) हिब किंवा वेगळी घेतलेली न्यूमोकोकल लस दाखवूनही उपयोग नाही, ते जंतूच वेगळे. तारीख 05/07 लिहिली की तिकडे 7 मे वाचतात, म्हणून महिना अक्षरांत लिहून घ्यावा. डॉक्टरांची सही-शिक्का, ब्रँड आणि बॅच नंबरही.

आता विचारायचं ते हे :

पुणे-मुंबईत या चार गटांची कॉन्जुगेट (जंतूचा अंश प्रथिनाला जोडून केलेली) लस सध्या कुठे हमखास मिळते, आणि किती दिवस आधी सांगून ठेवावी लागते? बालरोगतज्ज्ञ 19 वर्षांच्या मुलाला देतात का?

सीरमची मेनफाइव्ह (यात एक्स गटही आहे) कुणी लावली असेल, तर कॉलेजच्या पोर्टलने ती स्वीकारली का? ऐकीव नको, अपलोड केलेल्यांनीच सांगा.