क्रिप्टो फ्युचर्स, भांडवल ३०,००० : लिव्हरेज आणि स्टॉप लॉसबद्दल सल्ला हवा

फोंडेकर९१
नमस्कार मंडळी. राहायला फोंड्याला, वेर्ण्याला शिफ्टची नोकरी. स्पॉटमध्ये (पूर्ण पैसे देऊन) बिटकॉइन थोडं थोडं घेत आलोय, आता फ्युचर्स (कॉइन न घेता त्याच्या भावावरचे करार) करून बघायचंय. भांडवल ३०,००० रुपये, वर एक पैसाही घालणार नाही. लिव्हरेज, म्हणजे अडकवलेल्या पैशांच्या किती पट ट्रेड, किती घ्यावं? मार्जिन (ट्रेडसाठी अडकवलेले पैसे) आयसोलेटेड, म्हणजे त्या ट्रेडपुरतंच, की क्रॉस? एका ट्रेडमागे किती तोटा सोसायचा? कॉइनच्या टिप्स नकोत.

म्हापसेकर
३० हजारांत हाताला काही लागत नाही. दोन लाख तरी टाक. आणि दोन मॉनिटर घे, मी २७ इंची घेतलेत, एकावर चार्ट, एकावर ऑर्डर. फरक पडतो म्हणजे पडतोच. सोलाना बघ, मस्त हलतो.

मडगावचा_सीए
आधी टॅक्स समजून घ्या. क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के, तोटा कशातूनही वजा होत नाही, १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस. फ्युचर्सला हेच लागू की ते धंद्याचं उत्पन्न, यावर आमच्यातही एकमत नाही. म्हणून ट्रेड रिपोर्ट दर महिन्याला उतरवून ठेवा. एक्स्चेंज एफआययूकडे (सरकारचा आर्थिक गुप्तवार्ता विभाग) नोंदलेलंच घ्या.

डिचोलीकर
स्टॉप लॉस, म्हणजे तोट्यात बाहेर पडायचा ठरलेला भाव, डोक्यात ठेवायचा नसतो, एक्स्चेंजवर ऑर्डर लावायची. गेल्या पावसात लाँग (भाव वाढेल या बाजूने) होतो आणि वीज गेली, पाठोपाठ टॉवरही गेला. रात्री उशिरा रेंज आली तेव्हा बघतो तर भाव बराच खाली आणि मी ठरवलेल्या तोट्यातच बाहेर पडलेलो. इन्व्हर्टर घ्याच.

म्हापसेकर
इन्व्हर्टर कशाला, मोबाईल डेटा असतो की.

डिचोलीकर
टॉवर गेला होता असं लिहिलंय वर.

पेडण्याची_ताई
हे पैसे सोसायटीत ठेव म्हणून ठेव रे बाबा. सेबीनेच २०२४ मध्ये सांगितलंय, एफ अँड ओ (फ्युचर्स-ऑप्शन्स) करणाऱ्या दहातल्या नऊ जणांहून जास्त लोकांचा तोटा झाला. माझ्या दिराचं अकाऊंट एका रात्रीत साफ झालं, घरात अजून तो विषय काढत नाहीत.

म्हापसेकर
ताई, तो आकडा शेअर बाजाराचा आहे, क्रिप्टोचा नाही.

पेडण्याची_ताई
शेअर बाजार निदान साडेतीनला बंद होतो. हा रात्रभर चालतो आणि माणूस जागा राहतो.

तिसवाडीकर
ताईंचा शेवटचा मुद्दा सोडू नका. नाइट शिफ्टच्या आठवड्यात ट्रेड घ्यायचाच नाही, हा पहिला नियम करा.

आता हिशोब. ३०,००० चा १ टक्का म्हणजे ३०० रुपये, एका ट्रेडमध्ये जास्तीत जास्त एवढेच जायला हवेत. स्टॉप २ टक्क्यांवर असेल तर पोझिशन (ट्रेडची एकूण रक्कम) १५,००० ची. ३०० ला ०.०२ ने भागायचं, बस. लोक उलटं करतात, आधी लिव्हरेज ठरवतात. २०एक्सवर (२० पट लिव्हरेज) भाव ५ टक्के विरुद्ध गेला की मार्जिन संपलं, आणि मेंटेनन्स मार्जिनमुळे (राखावी लागणारी किमान शिल्लक) लिक्विडेशन, म्हणजे एक्स्चेंजने पोझिशन जबरदस्तीने बंद करणं, त्याच्याही आधी होतं.

फी आणि फंडिंग मार्जिनवर नाही, पूर्ण पोझिशनवर लागतात. फंडिंग, म्हणजे लाँग आणि शॉर्टवाल्यांनी (भाव पडेल या बाजूचे) एकमेकांना द्यायचे पैसे, बहुतेक ठिकाणी दर ८ तासांनी. ०.०१ टक्का किरकोळ वाटतो, पण २०एक्सवर तो दिवसाला मार्जिनच्या ०.६ टक्के होतो.

मार्जिन आयसोलेटेडच. क्रॉसमध्ये एक ट्रेड फसला की वॉलेटमधली सगळी शिल्लक त्यात ओढली जाते. १० ऑक्टोबर २०२५ ला सुमारे १,९०० कोटी डॉलरच्या पोझिशन लिक्विडेट झाल्या, काही ठिकाणी नफ्यातल्या पोझिशनसुद्धा एक्स्चेंजने आपणहून बंद केल्या. हेजिंगवाले (धोका झाकायला उलटी पोझिशन ठेवणारे) त्यात उघडे पडले. लिव्हरेज ३एक्सच्या वर नको.

म्हापसेकर
३एक्सवर काय मिळणार? मी २५एक्सवर करतो, चवथीचा सगळा खर्च त्यातून निघाला.

मडगावचा_सीए
त्या नफ्याचा टॅक्स भरला असेलच. पुन्हा सांगतो, रिपोर्ट उतरवून ठेवा.

फोंडेकर९१
सगळ्यांचे आभार. मॉनिटर, इन्व्हर्टर काही घेत नाही, आणि ताई, ठेवही नाही. पोझिशन १५,००० चीच, तोटा ३०० चाच, आयसोलेटेड. पण लिव्हरेज १०एक्स घेतोय. मार्जिन १,५०० अडकेल, बाकीचे पैसे फ्युचर्स वॉलेटमध्ये ठेवणारच नाही. स्टॉप २ टक्क्यांवर, लिक्विडेशन ९-१० टक्क्यांच्या आसपास, मध्ये जागा पुरेशी आहे. लागोपाठ दोन स्टॉप लागले की त्या दिवशी ॲप बंद.

तिसवाडीकर
मला पटत नाही. जोराची पडझड झाली की स्टॉप ठरलेल्या भावाला लागेलच असं नाही. निदान स्टॉप मार्केट (मिळेल त्या भावाला बाहेर काढणारी ऑर्डर) लावा, स्टॉप लिमिट नको. लिमिट भाव ओलांडून बाजार पुढे गेला तर ऑर्डर तशीच पडून राहते.

डिचोलीकर
आणि स्टॉप लावताना 'रिड्यूस ओन्ली' टिक कर. नाहीतर पोझिशन हाताने बंद केल्यावरही ती ऑर्डर जिवंत राहते आणि उलट्या बाजूचा ट्रेड उघडतो.